पडद्यावर न आलेला जुगारी

जुगार हा विषय हिंदी चित्रपटांना नवा नाही. हिरव्या कापडाचे टेबल, वर झुलणारा दिवा, धुराची वलये, समोर खलनायक आणि अगदी शेवटच्या क्षणी नायकाच्या हातातून पडणारे तीन एक्के! हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहिले आहे की जुगार म्हटला की तेच डोळ्यांपुढे उभे राहते. पण या दृश्याचा जुगाराच्या व्यसनाशी कितपत संबंध आहे? माझे स्पष्ट मत असे की, मुळीच नाही. आपल्या चित्रपटांत जुगार भरपूर आहे. जुगारी मात्र नाही.

उदाहरणादाखल १९७५ सालचा फिरोज खानचा ‘धर्मात्मा’ घ्या. ‘गॉडफादर’वर बेतलेल्या या चित्रपटात प्रेमनाथने रंगविलेल्या धर्मात्म्यामागे मुंबईचा मटकासम्राट रतन खत्री होता, असे म्हटले जाते. चित्रपट मी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला, तो मोठ्या अपेक्षेने. वाटले, ज्या खेळाने गिरणगाव झपाटले होते त्याचे काही दर्शन घडेल. प्रत्यक्षात दिसला तो एक दानशूर, दरारा असलेला धनी, त्याचा वारसा, त्याचे शत्रू आणि अफगाणिस्तानचे सुंदर डोंगर. पण ज्यांच्या खिशातून निघालेल्या पैशांवर हे सारे वैभव उभे राहिले, ती माणसे चित्रपटात जवळजवळ नाहीतच!

मटका म्हणजे नेमके काय, हे आज अनेकांना ठाऊक नसेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईत येत, त्यांवर पूर्वी पैसे लावले जात. १९६१ च्या सुमारास तो मार्ग बंद झाला. तेव्हा १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत व १९६४ मध्ये खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडे काढण्यास सुरुवात केली. आधी मटक्यातून चिठ्ठी निघे, पुढे पत्ते आले. तीन पत्त्यांची बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक धरायचा. शून्य ते नऊ, एकूण आकडे दहा. आकडा लागला तर एका रुपयाला नऊ, हा प्रचलित दर. आता साधा हिशेब करा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तरी हाती नऊच येतात. दहावा रुपया धन्याचा. या दहाव्या रुपयाचे काय झाले ते ‘धर्मात्मा’ दाखवतो. उरलेल्या नऊ जणांचे काय झाले, हे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही.

कोणी म्हणेल, तो चित्रपट मुळी गुन्हेगारी कुटुंबाचा. त्याच्याकडून ही अपेक्षा कशाला? ठीक आहे. मग कुणाल देशमुख यांचा २००८ सालचा ‘जन्नत’ पाहू. येथे नायक अर्जुन हाच जुगारी आहे. पत्त्यांचा नाद आहे, झटपट पैशाची हाव आहे, प्रेयसीला सुखात ठेवण्याची ओढ आहे. बेटिंग सोडल्याचे वचन देऊन तो पुन्हा त्याच वाटेला लागतो. व्यसनाची इतकी चांगली बीजे क्वचितच एका कथेत सापडतील. म्हणूनच या चित्रपटाने केलेली निराशा अधिक बोचते. कारण लेखकाने या नायकाला एक देणगी देऊन टाकली आहे: क्रिकेटचा निकाल अचूक ओळखण्याची! अंदाज चुकतच नसेल तर तो जुगारी कसला? जुगाऱ्याची खरी ओळख हरण्यात आहे. हरूनही दुसऱ्या दिवशी त्याच दारात उभे राहण्यात आहे. अर्जुन बुकी होतो, दक्षिण आफ्रिकेत जातो, डॉनच्या पंखाखाली शिरतो, पोलीस मागे लागतात आणि गोळी लागून तो मरतो. व्यसनाची कथा मध्यंतरापर्यंतही टिकत नाही. जुगाऱ्याला मारायला पोलिसांची गोळी लागते, हा तर या चित्रपटांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे.

गंमत अशी की, शेवटच्या दोन मिनिटांत ‘जन्नत’ला खरी गोष्ट सापडते. नायकाची प्रेयसी लहान मुलासह दुकानात उभी आहे. बिलाला पैसे कमी पडतात आणि मुलगा हातातली वस्तू परत ठेवतो. बस्स! ना गाणे, ना बंदूक. पण जेथून चित्रपट सुरू व्हायला हवा होता तेथे तो संपतो.

हे मी एवढ्या खात्रीने लिहितो, त्याला कारण आहे. आपल्या जिल्ह्यातील असंख्य घरांप्रमाणे आमच्या घरातूनही एक माणूस गिरणीत गेला. माझे आजोबा परळला गावच्या मंडळींच्या खोलीत राहत आणि आकडा लावीत. आजीने मटक्याचा अड्डा जन्मात पाहिला नाही. तिला मटका कळे तो मनीऑर्डरवरून. अंगठा उठवण्याआधी ती पोस्टमनला रक्कम विचारी. रक्कम कमी असली तर वाण्याकडे उधारी, एवढेच. पण रक्कम नेहमीपेक्षा जास्त आली की तिला अधिक भीती वाटे. म्हणजे आकडा लागला. आता दोन-तीन महिने हात आवरणार नाही. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. संपात सगळ्यांचीच घरे बसली, हे खरे. पण शेजाऱ्यांनी तोवर गावी दोन खोल्या बांधल्या होत्या, आमच्याकडे धरून उभे राहायला काही नव्हते. माझ्या वडिलांची शाळा सातवीला सुटली. कॉलेजची पायरी चढायला आमच्या घराला आणखी एक पिढी लागली. या हकिगतीत ना खून आहे, ना डॉन. मग ही चित्रपटाची गोष्ट नव्हे काय?

यावर नेहमीचा आक्षेप असा की, लोक दोन घटका करमणुकीसाठी येतात. त्यांना मनीऑर्डरी दाखवून रडवायचे काय? परंतु हा आक्षेप आपल्याच वाङ्मयाने केव्हाच खोडून काढला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त जुगाऱ्याच्या तोंडचे आहे. पुन्हा खेळायचे नाही असा निश्चय तो करतो, फाशांचा आवाज येताच निघतो, आणि दुसऱ्यांची नीटनेटकी घरे पाहून तळमळतो. त्यातही राजा नाही, आहे तो हरलेला माणूस आणि त्याचे घर. आणि करमणूकच हवी असेल तर शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आहे, जे देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले. त्यातला संवाहक हरून पळतो आणि ओसाड देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे त्याला ओळखतात, पण धरत नाहीत. ते तेथेच खेळ मांडतात. फासे खुळखुळतात आणि आपल्या ‘मूर्ती’ला राहवत नाही! प्रेक्षक हसून लोटपोट होतात, आणि व्यसन म्हणजे काय हे हसता हसता त्यांना कळून चुकते. सारे साहित्य चार माणसे आणि एक देऊळ. तेव्हा अडचण करमणुकीची नाही, नजरेची आहे. कॅमेरा ज्याच्या हाती सत्ता त्याच्याकडे वळतो. २०२४ साली तेलुगूत ‘मटका’ याच नावाचा चित्रपट आला, त्याचाही नायक मटक्याचा राजाच!

हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. गिरण्या गेल्या, खत्री २०२० मध्ये वारले. मुंबई प्रांतात जुगारबंदीचा कायदा तर १८८७ पासून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनेही केला. तरीही आपल्या कँटीनमध्ये, एस.टी.त, वसतिगृहाच्या गच्चीवर मोबाइलकडे पाहणाऱ्यांचे चेहरे नीट न्याहाळा. परीक्षा फीचे पैसे एका रात्रीत गेलेला मित्र मला ठाऊक आहे. तो अट्टल नाही, वाईट तर मुळीच नाही. त्याला विचारले तर तो म्हणतो, “मी काय जुगारी आहे?” त्याचेही बरोबरच आहे! जुगारी म्हणून त्याने आजवर जे पाहिले ते तीन एक्के टाकणारे नायक आणि पांढऱ्या सुटातले सेठ. त्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसणार कसा? चित्रपट समाज सुधारतात असा माझा भाबडा समज नाही. पण माणसाला स्वतःची ओळख पटवण्याचे काम कलेने करायचे नाही, तर कोणी करायचे?

मुंबईचे निर्माते आपले ऐकणार नाहीत, हे उघड आहे. परंतु आपल्या कॉलेजात दरवर्षी एकांकिका होतात आणि दरवर्षी ‘चांगला विषय मिळत नाही’ अशी तक्रार होते. विषय येथे आहे. खर्चही फारसा नाही. एक पडवी, एक बाई, एक पोस्टमन. आणि ज्याच्यामुळे हे घडते, तो शेवटपर्यंत रंगमंचावर आला नाही तरी चालेल.

(द्वितीय वर्ष, कला)