शेवटचे कुलूप घरचेच

गांजा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चिलीम आणि धूर उभा राहतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत आणि कॅनडात मात्र त्याने आता चॉकलेट, बिस्किटे आणि रंगीबेरंगी जेलीच्या वड्या यांचे मोहक रूप धारण केले आहे. कोलोरॅडोत जानेवारी २०१४ पासून प्रौढांना तो दुकानात उघडपणे मिळतो. कॅनडाने २०१८ साली गांजाला आणि पुढच्याच वर्षी गांजामिश्रित खाद्यपदार्थांच्या विक्रीला परवानगी दिली. हे धोरण इष्ट की अनिष्ट, हा वाद स्वतंत्र आहे. परंतु दुकानातून घरी आलेली ही मिठाई ठेवायची कोठे, हा प्रश्न त्या वादाच्या निकालासाठी खोळंबून राहणारा नाही.

अमेरिकेतील 'पेडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ साली प्रसिद्ध केलेले आकडे या दृष्टीने बोलके आहेत. सहा वर्षांखालील मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याच्या २०७ घटना २०१७ मध्ये तेथील विषबाधा केंद्रांकडे नोंदल्या गेल्या होत्या. २०२१ मध्ये ही संख्या ३,०५४ वर गेली. बहुसंख्य घटना घरातच घडल्या होत्या.

यात नवल काहीच नाही. लहान मुलाला अक्षर कळत नाही, गोडी कळते. कोलोरॅडोच्या नियमानुसार एका मात्रेत नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य दहा मिलिग्रॅम आणि एका वेष्टनात शंभर मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. म्हणजे एका पुड्यात प्रौढांच्या दहा मात्रा! प्रौढ माणूस एका वडीवर थांबेल. मूल पुडा संपल्यावर थांबते. त्यात पोटात गेलेल्या गांजाचा अंमल चढण्यास अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. मूल पेंगू लागते, त्याचा तोल जातो, प्रसंगी श्वासही मंदावतो, तेव्हा कोठे घरच्यांना शंका येते. अशा वेळी संकोचापोटी डॉक्टरांपासून सत्य दडवणे हा दुसरा अपराध होय.

शासनसंस्था स्वस्थ बसल्या आहेत असे नव्हे. कोलोरॅडोने माणूस, प्राणी वा फळ यांच्या आकाराच्या वड्यांवर २०१७ साली बंदी घातली. कॅनडात एका वेष्टनात दहा मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी चालत नाही आणि वेष्टन मुलांना सहजासहजी न उघडणारे असावे लागते. तथापि वेष्टन एकदा फोडले आणि उरलेल्या वड्या साध्या बरणीत गेल्या की कायद्याचा हात तेथे पोचत नाही. तेथून पुढे जबाबदारी गृहस्थाची.

ती पार पाडणे अवघड नाही. पदार्थ मूळ वेष्टनातच, कुलूपबंद पेटीत, मुलांच्या नजरेआड आणि उंचावर ठेवावा; घरच्या खाऊच्या शेजारी कदापि नव्हे. उष्णता व प्रकाश यांनी तो बिघडतो म्हणून जागा थंड व अंधारी हवी. फ्रिजमध्ये ठेवणे भाग असेल तर तेथेही पेटी कुलपाचीच असावी. घरात मूल नाही ही सबबही पुरेशी नाही, कारण पाहुण्यांबरोबर मुले येतातच. नातवंडांच्या ओढीने तिकडे जाणाऱ्या आपल्या आजी-आजोबांनाही घरातील अशा वस्तूची स्पष्ट कल्पना दिली पाहिजे. नातवाच्या हातावर प्रेमाने चॉकलेट ठेवणाऱ्या आजीला त्याच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे कोण वाचून दाखवणार?

आपल्याकडे गांजामिश्रित मिठाई बाळगणे हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये गुन्हाच आहे. पण त्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली आहेत आणि भांग पानांचीच होते; तिचे नियमन राज्यांकडे आहे. उत्तर प्रदेश, राजस्थानात ती परवानाधारक दुकानांतून विकली जाते. होळीच्या दिवशी केशर-बदामाच्या थंडाईत ती मिसळली की तांब्यावर ना चिठ्ठी असते, ना मिलिग्रॅमचा हिशेब! तहानलेल्या मुलाला ते नुसते गोड दूधच वाटणार.

मोठ्यांनी आपल्या नशेचे समर्थन परंपरेने करावे की व्यक्तिस्वातंत्र्याने, हे त्यांचे त्यांनी पाहावे. पण जे मुलाला खाऊ म्हणून दिसते ते मुलाच्या हाती लागणारच, एवढे गृहीत धरून वागणे हा त्या स्वातंत्र्याचा किमान मोबदला आहे. तोही चुकता करण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी ही मिठाई घरात न आणलेलीच बरी.