पेनड्राइव्हवरचं यश

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी लेखन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदी आनंद! सांभाळून घ्या. पण विषय मनातला आहे.

एम्बेडेड लॅबमध्ये बीगलबोन ब्लॅक बोर्डसाठी यू-बूट बिल्ड करायचं प्रॅक्टिकल होतं. यू-बूट म्हणजे बूटलोडर. पहाटे मेसचे काका कुलूप उघडतात, गॅस पेटवतात, तेव्हा कुठे आपल्याला चहा मिळतो. तसंच बोर्डला पॉवर मिळाली की मेमरी तयार करून लिनक्सला उठवायचं काम बूटलोडरचं. माझं बिल्ड मात्र अडकलं. शेवटची ओळ : 'मेक, एरर २'. रात्रीचा दीड वाजलेला, सबमिशन सकाळी दहाला. अशा वेळी होस्टेलमध्ये काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको! एका सिनियरने बनवलेली तयार इमेज पेनड्राइव्हवरून फिरत होती. मीही घेतली. बोर्ड सुरू झाला, पैकीच्या पैकी मार्क.

खरी परीक्षा मिनी प्रोजेक्टला झाली. माझ्या रूम पार्टनरची शहाद्याजवळ पपईची शेती आहे. लाइट रात्रीची असली की तिचे पप्पा अंधारात मोटर चालू करायला जातात. म्हणून आम्ही रिले लावून पंप बोर्डवरून चालवायचं ठरवलं. टेबलावर सगळं छान चाललं. पण लाइट जाऊन आली की लिनक्स सुरू व्हायच्या आधीच रिले 'टक्' करून ओढला जायचा. सरांनी सांगितल्यावर पुल-डाउन रेझिस्टर लावला, तरी तेच. शेवटी कळलं, की सिनियरने त्याच पिनवर स्वतःच्या प्रोजेक्टचा एलईडी लावला होता आणि त्याची इमेज ती पिन सुरुवातीलाच हाय करत होती. आमच्या टेबलावर रिलेला बल्ब जोडलेला होता. शेतात तिथे मोटर असती आणि त्याच क्षणी काकांचा हात स्टार्टरवर असता तर? अंगावर काटा आला.

आता स्वतः बिल्ड करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुन्हा तीच एरर. या वेळी मेकला एकाच वेळी चार कामं न देता एकेक करून चालवलं, आणि शेवटची ओळ सोडून पहिली एरर शोधली. 'एरर २' एवढंच सांगते, की वर कुठेतरी काहीतरी बिघडलं आहे. काय बिघडलं ते वरच असतं! तिथे लिहिलं होतं, की वायवायलॉक नावाचं एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फायलींत डिफाइन झालं आहे. आमचा सोर्स २०१८ चा, कंपायलर नवा. पूर्वी जीसीसी अशी दुहेरी व्हेरिएबल्स मुकाट्याने एकत्र करू द्यायचा. मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ती सवलत बंद झाली. 'जुना जीसीसी टाक' असा सल्ला लगेच मिळाला. पण व्हेरिएबल एकाच फाइलमध्ये डिफाइन करायचं आणि बाकी ठिकाणी एक्स्टर्न, हे आपण फर्स्ट इयरलाच घोकलेलं नाही का? जादा ओळ काढली, बिल्ड पूर्ण झालं. नंतर समजलं, की मूळ प्रकल्पातही २०२० साली तीच ओळ काढून टाकली होती.

गंमत म्हणजे कॉन्व्हेंटच्या इंग्रजीचा इथे काडीचा उपयोग झाला नाही. एरर वाचता येणं आणि कळणं यात फरक आहे.

कुणी म्हणेल, कंपनीला आउटपुटच लागतं, आणि वेळ कुणाला आहे? मान्य. पेनड्राइव्ह देणाऱ्या सिनियरवरही माझा राग नाही, त्याने मदतच केली. पण दुसऱ्याच्या इमेजमध्ये काय आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि आपल्याला हवा तो बदल तिच्यात करता येत नाही. म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती : जर्नलमध्ये एक पान एररचं असू द्या. पहिली एरर कोणती, कारण काय, काय बदललं. बिल्ड अर्धवट राहिलं तरी त्या पानाला मार्क द्या. मग रात्री दीड वाजता पेनड्राइव्ह शोधत कोण फिरेल?

आमचा रिले आता बूट होताना गप्प असतो. पप्पांना दाखवायला रूम पार्टनर तो दिवाळीच्या सुट्टीत घरी नेणार आहे. या वेळी मी निर्धास्त आहे.