कोंबड्या घराच्या, पण लस वस्तीची



परसातल्या कोंबड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "जात कोणती घेऊ? गावरान, गिरिराज की वनराज?" माझं मत विचाराल तर हा प्रश्न नंतरचा. आधी सांगा, मानमोडी आली तर काय करणार?

मानमोडी म्हणजे राणीखेत. कोंबडी चोच उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरी हगवण लागते, पाय-पंख लुळे पडतात, मान पिळवटते. रोग विषाणूचा, त्यावर औषध नाही. कुणी अँटिबायोटिक पाजतं, कुणी हळद-लसूण. त्यानं साथ थांबत नाही. लस नसेल तर आठवड्याभरात खुराडं रिकामं होतं. घरच्या बाईचा तेल-मिठाचा, पोरांच्या वह्या-पेनाचा पैसा त्यातच असतो.

मग लोक लस का देत नाहीत? आळशी आहेत म्हणून नाही. लशीची बाटली येते शंभर-दोनशे मात्रांची आणि दारात कोंबड्या पंधरा. बाटली एकदा फोडून पातळ केली की दोन तासांत वापरावी लागते, उरलेली ठेवून चालत नाही. पंधरा कोंबड्यांसाठी कोण तालुक्याला हेलपाटा मारणार?

म्हणून माझं म्हणणं, लस घरानं नाही, वस्तीनं द्यावी. दहा घरं, एक दिवस, एक बाटली. नाहीतरी सगळ्यांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरतात. तुमच्या मोठ्या कोंबड्या लशीनं वाचतीलही, पण शेजारची साथ तुमच्या बिनलशीच्या पिल्लांना गाठणारच.

यात एक युक्ती आहे. वस्तीतल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवा, एकीखाली १०-१२ अंडी. २१ दिवसांनी सगळीकडं एका वयाची पिल्लं निघतात आणि लशीचा दिवस आपोआप ठरतो.

• ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाला लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा.
• ८ आठवड्यांनंतर आर-टू-बी, टोचून. ही लस कडक आहे, लहान पिल्लांना चुकूनही देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाकडूनच टोचून घ्या.
• बाटली बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा. लस सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर द्या.
• मोठ्या पक्ष्यांना जंताचं औषध आठवडाभर आधी. आजारी पक्ष्याला लस नको.
• साथ सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. लस अंगी लागायला दिवस जातात.

बाजारातून आणलेली कोंबडी १५ दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवा. मेलेली ओढ्यात फेकू नका, चुना टाकून खोल पुरा. आणि दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या घाईघाईनं बाजारात नेऊन विकायच्या, ही आपली सवय मोडली पाहिजे. त्यातून पैसे चार सुटतात, पण रोग दहा गावांत जातो.

मुंगूस-रानमांजरासाठी जाळी, रात्री कडी, हे सगळं हवंच. पण मुंगूस एका रात्री दोन-चार नेईल, मानमोडी सगळी वस्ती नेते.

कोंबड्या बहुतेक घरांत बायकाच सांभाळतात. तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. घरोघरचे पक्षी मोजा, वर्गणी ठरवा, दवाखान्यात तारीख सांगून या. जात कोणती घ्यायची, ते त्यानंतर निवांत बोलू.