आपलाच पेपर, आपलेच गुण

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. निमित्त आमच्या पतसंस्थेच्या सभेचं. मी तिथला साधा सभासद, पण पेन्शनीतून साठवलेले पैसे तिथेच ठेवीत आहेत, म्हणून सभा चुकवत नाही.

विषय होता १२ संगणक मोडीत काढून नवे घेण्याचा. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही, एवढं खरं. पण विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात पुढे होतं, 'नवीन घ्या, खर्च निम्मा होईल.' कशाच्या निम्मा, हे कोणीच विचारलं नाही. पाच मिनिटांत ठराव मंजूर. चहा मात्र अर्धा तास चालला!

तेहतीस वर्षं खडू झिजवला, त्यातून एक गोष्ट पक्की कळली. पोराला स्वतःचा पेपर तपासायला दिला, तर तो पहिला येणारच.

हा खेळ जुना आहे. लिनक्स फुकट मिळत असलं तरी वापरायला महाग पडतं, असं पटवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने 'गेट द फॅक्ट्स' नावाची मोहीम चालवली होती. एका जाहिरातीत तर लिनक्स दहापटीहून महाग ठरवलं होतं. ब्रिटनमधल्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये ती दिशाभूल करणारी ठरवली. का? तर लिनक्स बसवलं होतं आयबीएमच्या महागड्या मेनफ्रेमवर आणि विंडोज साध्या इंटेल सर्व्हरवर. म्हणजे एकाला हत्तीवर बसवायचं, दुसऱ्याला सायकलवर, आणि चाऱ्याचा हिशेब मांडून म्हणायचं, पहिला माणूस उधळ्या!

त्याच मोहिमेत लंडनच्या शेअर बाजाराचा दाखला मिरवला होता. भरवशासाठी त्यांनी लिनक्स सोडून विंडोज निवडलं म्हणे. ८ सप्टेंबर २००८ ला त्या बाजाराचे व्यवहार जवळजवळ सात तास ठप्प झाले. पुढे २००९ मध्ये बाजाराने श्रीलंकेतली मिलेनियम आयटी ही कंपनीच विकत घेतली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मुख्य व्यवहार तिच्या लिनक्सवर चालणाऱ्या प्रणालीवर नेले.

आता लिनक्सवाले भाचे टाळ्या वाजवतील. थांबा जरा. त्याच महिन्यात, २५ फेब्रुवारीला, नव्या प्रणालीवरही व्यवहार चार तासांहून अधिक बंद पडले! दोन्ही वेळा दोष विंडोजचा किंवा लिनक्सचाच होता, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की 'भरवसा' हा शब्द जाहिरातीत छापल्याने यंत्रात उतरत नाही.

कोणी म्हणेल, पतसंस्थेच्या संचालकांनी काय संगणकशास्त्र शिकावं? मुळीच नाही. तीन प्रश्न विचारावेत. तुलना कशाची कशाशी केली? मोजणाऱ्याला पैसे कोणी दिले? आणि आपलं हिशेबाचं काम त्यावर आठवडाभर चालवून पाहिलं का? मायक्रोसॉफ्ट स्वतःच संस्थांना विंडोज १० साठी तीन वर्षांपर्यंत वाढीव सुरक्षा विकते. पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. हे स्वस्त की महाग, ते हिशेब केल्यावर कळेल. पण पत्रकात त्याचा उल्लेख नव्हता, आणि जुन्याच यंत्रांवर लिनक्स चालेल का, हाही प्रश्न नव्हता. विकणारा ते कशाला छापेल? विचारायचं काम विकत घेणाऱ्याचं.

नवे संगणक घ्यायला माझा विरोध नाही. कदाचित घ्यावेच लागतील. पण ठेवी आहेत भाजीवाल्यांच्या, शिक्षकांच्या, घरकाम करणाऱ्या बायांच्या. तो पैसा पत्रक वाचून खर्च करायचा नसतो.

ठराव फेरविचारासाठी घ्यावा, असं पत्र अध्यक्षांना दिलं आहे. अध्यक्ष माझाच विद्यार्थी. हसून म्हणाला, "सर, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

म्हटलं, "काही नाही रे बाबा. बेरीज कळते. तुलाही मीच शिकवली होती."

असो. उत्तर आलं की कळवीनच.