यंत्र घडवणारे हात

मुलामुलींनो, हवाबंद डब्यातला आंब्याचा रस तुम्ही चाखला असेल. डब्यावर फळाचे चित्र असते, विकणाऱ्या कंपनीचे नाव असते. पण डबा भरणारे आणि तापवणारे यंत्र कोणी बनवले, हे तिथे लिहिलेले नसते. मला वाटते, त्या यंत्रकारांची ओळख आपण करून घ्यायला हवी.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन होजे शहराच्या परिसरात पूर्वी फळबागाच फळबागा होत्या. आज हा भाग संगणकाच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. तिथे जॉन बीन नावाच्या गृहस्थांची बदामाची बाग होती. झाडांवर खवले कीड पडली. त्या वेळच्या पंपांतून औषध थांबून थांबून बाहेर येई. बीन यांना पंपांची चांगली माहिती होती. त्यांनी १८८४ च्या सुमारास जोराने आणि सलग फवारणारा पंप तयार केला. शेजारच्या बागायतदारांनाही तो हवा होता. त्यातूनच एक कंपनी उभी राहिली.

झाडे वाचली, फळे आली. पण ती टिकवायची कशी? फळे डबाबंद करण्याची यंत्रे सॅन होजेचीच अँडरसन-बार्नग्रोव्हर कंपनी बनवत असे. १९२८ साली बीन कंपनीने ती आपल्यात सामावून घेतली आणि पुढे 'फूड मशिनरी कॉर्पोरेशन' हे नाव घेतले.

डब्यातले अन्न टिकते ते उष्णतेमुळे. उष्णता कमी पडली, तर जंतू उरतात आणि अन्न विषारी होऊ शकते. जास्त झाली, तर फळाचा लगदा होतो. म्हणून या यंत्रात बंद डबे गोल फिरत पुढे सरकतात आणि उष्णता आतपर्यंत सारखी पोहोचते. हे साधायला गणित लागते, विज्ञान लागते आणि कसबी हातही लागतात.

काही जण म्हणतात, यंत्र आले की माणसाचे काम जाते. ते काही अंशी खरे आहे. पण यंत्र समजून घेणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि सुधारणाऱ्या माणसाची गरज संपत नाही. आपल्याकडे मात्र "अभ्यासात कच्चा आहे, म्हणून गॅरेजमध्ये घातला," असे सहज बोलले जाते. हे मला मुळीच पटत नाही. हात काळे करणारे काम हलके नसते. भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचारा. एका आवाजावरून तो बिघाड ओळखतो. अशा कारागिराला शिक्षणाची जोड मिळाली, तर तो नवे यंत्रही घडवील.

बीन यांच्या कंपनीची नावे पुढे अनेकदा बदलली. २०२५ साली ती 'जेबीटी मारेल' झाली. त्यातली पहिली दोन अक्षरे जॉन बीन यांचीच आहेत.

मित्रांनो, तुमच्या वस्तीत कोणते यंत्र सारखे बिघडते? ते का बिघडते, हे शोधायला आजच सुरुवात करा. शाळा मात्र सोडू नका.