वाघाला झाला, माणसाला का नाही?

नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. पक्ष्यांचा हा रोग वाघापर्यंत पोहोचतो आणि रोज कोंबड्यांत वावरणारा माणूस मात्र सहसा वाचतो, हे कसे?

पहिला अडसर दारातच असतो. पक्ष्यांचा फ्लू विषाणू पेशीवरील ज्या शर्करेला चिकटतो, ती माणसाच्या नाकाघशात कमी आणि फुप्फुसात खोलवर जास्त असते. म्हणून लागण क्वचित होते, पण झाली की थेट न्यूमोनिया. २००३पासून जगात नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले (सौम्य रुग्ण नोंदीतून निसटतात, हेही खरे).

खरी झुंज पेशीच्या आत होते. विषाणू शिरताच पेशी इंटरफेरॉन सोडते. त्या हाकेसरशी एमएक्सए नावाचे प्रथिन तयार होते आणि विषाणूची वाढ रोखते. बीटीएन३ए३ हा दुसरा पहारेकरी. ग्लासगोच्या संशोधकांनी २०२३मध्ये दाखवले, की पक्ष्यांचे बहुतेक फ्लू विषाणू त्याच्यापुढे अडतात. १९१८च्या साथीचा विषाणू मात्र त्याला चकवू शकत होता.

म्हणूनच ‘बर्ड फ्लू माणसाला होत नाही’ हे अर्धसत्य आहे. विषाणू बदलत राहतो आणि सस्तन प्राण्यातली प्रत्येक लागण ही त्याची तालीम असते. २०२४मध्ये अमेरिकेत तो दुभत्या गायींत पसरला. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

२००६मध्ये नवापूरला देशातली पहिली साथ आली, तेव्हा लोकांनी चिकन सोडले. ती भीती चुकीच्या जागी होती. नीट उकळलेल्या रश्श्यात हा विषाणू टिकत नाही. धोका आहे तो आजारी कोंबड्या उचलणाऱ्या, कापणाऱ्या, पुरणाऱ्या हातांना. या मजुरांना हातमोजे, मास्क तर हवेतच, शिवाय नेहमीच्या फ्लूची लसही हवी. एकाच माणसाला दोन्ही फ्लू एकदम झाले तर त्यांची जनुके मिसळू शकतात. पोल्ट्रीवाल्याला भरपाई वेळेवर मिळाली, तर तो मरतूक लपवणार नाही. आणि ताप-धाप घेऊन आलेल्या रुग्णाला ओपीडीत एवढे तरी विचारले जावे, की गेल्या आठवड्यात घरी किंवा शेडवर कोंबड्या मेल्या का?