मास्तरांची उमेदवारी

दिवाळी अंकात शाळेचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवणे होय, हे मला ठाऊक आहे. मुलांना सुटी, मास्तरांना सुटी. आणि अशा वेळी कोणी एक बाई उठून सांगू लागली की आपल्याकडे मास्तर घडवण्याची रीतच उफराटी आहे, तर वाचकांनी पान उलटून विनोदी कथेकडे वळावे यात नवल नाही. तरी दोन घटका थांबा. आज तुमच्या अंगणात जे मूल फुलबाजी धरून नाचते आहे, ते पंधरा दिवसांनी पुन्हा वर्गात जाऊन बसणार आहे. त्याच्या वहीवर वाकून पाहणारे माणूस कुठून आणि कसे शिकून येते, हा सरकारी खात्याचा नव्हे, तुमच्याच घरचा प्रश्न आहे.

'उमेदवारी' हा शब्द उच्चारला की हल्ली भिंतीवरची पोस्टरे आणि हात जोडलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. पूर्वी या शब्दाचा अर्थ फार साधा होता. जाणत्याच्या हाताखाली राहायचे, पडेल ते काम करायचे आणि त्याच्याकडे पाहत पाहत धंदा शिकायचा, याचे नाव उमेदवारी. वकील उमेदवारी करी, शिंपी करी. आमच्या नाशकाच्या तांबट लेनमध्ये हातोडा धरायला शिकणारे पोर ठोक्यांच्या त्या नादातच बसून शिके. येवल्याचा पैठणीचा माग पुस्तक वाचून कोणी चालवल्याचे मी तरी ऐकलेले नाही. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी होते, तेव्हा नेमक्या कोणत्या डोळ्यावर कात्री लावायची हे नवख्या पोराला बागेतच, शेजारी उभे राहून दाखवावे लागते. कात्री चुकली तर वर्षाचे पीक जाते, म्हणून बागाईतदार त्याला एकटे सोडत नाही. मास्तरांच्या बाबतीत आपण काय करतो? दोन वर्षे बागेबाहेर बसवून कात्रीचे गुणधर्म लिहून घेतो, आणि मग एके दिवशी त्याला बागेत ढकलून फाटक लावून घेतो.

कोणी म्हणेल, सरावपाठ असतात की! असतात. ज्यांनी ते पाहिले आहेत त्यांना त्याविषयी सांगायला नको. पाठाच्या आदल्या दिवशी मुलांना उत्तरे पढवलेली असतात. तक्ते विकत आणलेले किंवा मागच्या वर्षीच्या मैत्रिणीचे. पाठ टाचणाच्या वहीत उद्दिष्टे सुबक अक्षरांत लिहिलेली. प्रश्न विचारला की पुढच्या बाकावरचे तीन हात वर, आणि मागच्या बाकावरचा तो एक मुलगा, ज्याच्यासाठी खरे म्हणजे हे सगळे शास्त्र निर्माण झाले, तो त्या दिवशी कोपऱ्यात सरकवलेला किंवा घरीच ठेवलेला. निरीक्षक दहा मिनिटे बसतात, फाईलवर सही करतात, चहा होतो. फाईल मात्र जाडजूड होते, आणि पुष्कळदा गुण त्या जाडीलाच मिळतात, असा माझा संशय आहे.

नियम वाईट आहेत असे मी म्हणत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली नियम बदलले, बी.एड. दोन वर्षांचे केले, आणि त्यांत निदान वीस आठवडे शाळेत घालवावेत असे ठरवले. वीस आठवडे पुष्कळ झाले. पण ते आठवडे कोणाच्या हाताखाली घालवायचे? ज्या शाळेत ही मुले-मुली जातात, तिथल्या वर्गशिक्षिकेला त्यांना शिकवण्यासाठी वेळ कोण देते? मोबदला तर राहोच, तिचे नाव तरी कोणत्या कागदावर येते का? छात्राध्यापक आला म्हणजे बाईंना एक तास मोकळा मिळाला, त्यात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा उरकून घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ होऊन बसला आहे. बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्यामागे मतदारयाद्यांपासून पोषण आहाराच्या हिशेबापर्यंत इतके लचांड आहे की त्यांनी आणखी एक माणूस घडवावे असे म्हणणे हीच चेष्टा आहे.

शाळेपासून तोडलेले शिक्षण कुठवर जाते, याचे प्रत्यंतर महाराष्ट्रानेच दिले आहे. २००८ साली राज्य शासन नको म्हणत असताना डी.एड.च्या तीनशेच्या घरात संस्थांना मान्यता मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, आणि तपासणीअंती त्यांतल्या बहुसंख्य संस्था अपात्र ठरल्या. त्या आयोगाने २०१२ च्या अहवालात एक सूचना अशीही केली होती की शिक्षक घडवणाऱ्या प्रत्येक संस्थेला तिची स्वतःची शाळा जोडलेली असावी. डॉक्टर घडवायचा तर रुग्णालय लागते, हे शेंबड्या पोरालाही समजते. मास्तर घडवायला शाळा लागते, हे सांगायला माजी सरन्यायाधीश लागले!

वस्तुतः ही गोष्ट आपल्याकडची जुनीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री मद्रासच्या अनाथालयाचे काम पाहत होते. देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत आहेत, हे त्यांनी पाहिले. ती रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली, लहानांना शिकवायला मोठी मुले बसवली, आणि १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तक छापले. इंग्लंडात त्या पद्धतीचा गाजावाजा झाला. पुढे १८४६ पासून तिथे तेरा वर्षांच्या मुलामुलींना पाच वर्षे हेडमास्तरांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून ठेवू लागले. त्या व्यवस्थेत दोषही होते, पोरांचे हाल होत. पण त्यांना शिकवण्याबद्दल हेडमास्तरांना सरकारातून वेगळा पैसा मिळे, हे विसरू नये. शिकवणाऱ्याला शिकवणे हे एक काम आहे आणि कामाचे दाम असते, एवढे त्या सरकारलाही कळत होते.

आमच्याकडे याची निराळीच तऱ्हा. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर काम, नंतर कायम. प्राथमिक शाळेसाठी मानधन महिना तीन हजार. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. वाटले, चला, उमेदवारी परत आली! पण त्यात उमेदवारीचा अर्धाच भाग घेतला गेला. पगार उमेदवाराचा आणि काम पुऱ्या मास्तरांचे. तीन वर्षांत त्याच्या वर्गात येऊन कोणी बसले, चार गोष्टी सांगितल्या, असे लाभलेले शिक्षणसेवक भाग्यवानच म्हणायचे. स्वस्तात माणूस मिळवण्याला प्रशिक्षणाचे नाव देऊ नये. शाळेत टाकलेला मनुष्य शाळेत शिकतोच, असा एक गोड समज सरकारदरबारी आहे. पाण्यात टाकलेला मनुष्य कधीकधी पोहायला शिकतो हे खरे. बाकीच्या वेळी काय होते तेही सर्वांना माहीत आहे. इथे तर बुडते ते मूल.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आपल्या तालुक्यांकडे पाहा. राज्यभरातून निवड होऊन कोणी तरुण मराठवाड्यातून सुरगाण्याच्या पाड्यावर येतो. दोनशिक्षकी शाळा, चार इयत्ता. पहिलीतले मूल घरी कोकणा बोली बोलते, पुस्तक मराठी. पदविकेच्या वहीत 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र त्याने दहादा लिहिले आहे, पण या मुलाला ज्ञात काय आहे हे त्याला कसे कळावे? दिवाळी झाली की पाड्यातली माणसे दिंडोरी-निफाडच्या बागांकडे मजुरीला उतरतात, आणि हजेरीपट रिकामा होऊ लागतो. तिथे वीस वर्षे काढलेल्या शिक्षकाला हे सगळे पाठ असते. कोणते मूल आजीपाशी ठेवता येईल, कोणाच्या बापाशी आजच बोलावे, हंगामी वसतिगृहासाठी नावे केव्हा गोळा करावीत, बोलीतल्या कोणत्या शब्दाला धरून मराठी शब्दाकडे न्यावे. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते त्या शिक्षकाच्या डोक्यात आहे, आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर गावाला जाते. शेजारच्या खोलीतल्या नव्या माणसाला ते सोपवण्याची सोय आम्ही केलेली नाही.

उलट असे ज्ञान मोजायचेच नाही, अशी आपली प्रतिज्ञा दिसते. २०२५ च्या पावसाळ्यात इथे नाशकातच, आदिवासी विकास भवनासमोर, आश्रमशाळांतली रोजंदारीची माणसे बिऱ्हाड मांडून बसली होती. शिक्षकही त्यांत होते. वर्षानुवर्षे त्या मुलांमध्ये राहिलेली माणसे; आणि शासन बाह्यस्रोतामार्फत पदे भरायला निघाले होते. त्याच वर्षी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की ज्यांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे, अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. न्यायालयाने कायदा वाचला. त्याच्याशी माझे भांडण नाही. माझे म्हणणे इतकेच की पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला पारखायचे तर त्याच्या वर्गात जाऊन बसण्याचा मार्ग आपल्याला सुचतच नाही. पर्यायांपुढची वर्तुळे काळी करून घेणे सुचते.

आता माझ्यावर येणारा आक्षेप मीच मांडून टाकते. या बाई स्वतः मॅट्रिक, बालवाडीत शिकवणार, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणार, आणि तोंड वर करून पदव्यांना नावे ठेवणार! मी पदव्यांना नावे ठेवीत नाही. मूल कसे शिकते याचे शास्त्र आहे, आणि ते वाचावेच लागते. पण मी जे काही शिकले ते आमच्या शाळेतल्या थोरल्या बाईंच्या शेजारी बसून. दाराशी रडणाऱ्या मुलाकडे लगेच धावायचे नाही, आपण खाली बसून मण्यांची माळ ओवू लागायची. माळ पाहायला ते आपणहून येते. हे बाईंनी मला कधी सांगितले नाही. त्यांनी माळ ओवली आणि मी पाहिले. त्यामागचे शास्त्र मी पुढे वाचले, आणि वाचताना बाई आठवल्या म्हणून ते मला समजले.

माझे उदाहरण लहान आहे, म्हणून मोठे घ्या. अनुताई वाघ बालविधवा. पहिली नोकरी त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, चांदवडकडे केली. पुढे पुण्यात शिकवताना रात्रशाळेतून त्या मॅट्रिक झाल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या नोकरीनंतर, १९४५ साली, ताराबाई मोडकांबरोबर त्या बोर्डीला गेल्या आणि पुन्हा उमेदवार झाल्या. मुले शाळेत येईनात, तर शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणारी पोरे अंगणातही येईनात, तर कुरणात शाळा भरवली. तिथेच, त्या कामात, नव्या शिक्षिका तयार झाल्या. ताराबाई तरी कुठे शिकल्या? भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात, मुलांमध्ये. 'अंगणवाडी' हे नाव पुढे सरकारी योजनेने देशभर नेले. नावामागची रीत बोर्डी-कोसबाडलाच राहिली.

आणि आपल्या गावचे मुक्त विद्यापीठ? १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. शाळेत आधीच नोकरी करणाऱ्या शिक्षकांना वर्ग न सोडता बी.एड. होण्याची वाट त्याने उघडली, तेव्हा 'पोस्टाने मास्तर' म्हणून हसणारे पुष्कळ निघाले. मला ती कल्पना तेव्हाही पटावी अशीच होती असे वाटते, कारण रविवारी वाचलेले सोमवारी मुलांपुढे ताडून पाहता येते, हे भाग्य कॉलेजात बसलेल्यांना नसते. समंत्रक होते, संपर्कसत्रे होती. पण रोजच्या तासाला शेजारी उभा राहणारा जाणता माणूस टपालाने पाठवता येत नाही. तो ज्याच्या त्याच्या शाळेतच असावा लागतो.

म्हणून माझी मागणी पैशाची आणि वेळापत्रकाची आहे, तत्त्वज्ञानाची नाही. दर केंद्रात दोन-तीन मुरलेले शिक्षक निवडा. त्यांचे तास निम्मे करा, बाहेरची कामे काढून घ्या, वर भत्ता द्या, आणि नव्या माणसाचे पहिले वर्ष त्यांच्या हवाली करा. नवा माणूस आधी महिनाभर नुसता पाहील, मग अर्धा वर्ग घेईल, मग पुरा. तो कायम होण्यायोग्य आहे की नाही, यावर त्या जुन्या शिक्षकाचे मत लागेल. खर्च येईल. पण जिथे जातो आहे तो खर्च तरी कुठे कमी आहे?

दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होईल, आणि तुमच्या मुलांच्या शाळेत छातीशी फाईल धरलेल्या, घाबऱ्याघुबऱ्या चार-सहा मुली येतील. मुख्याध्यापकांना एकच गोष्ट विचारा: या कोणाच्या हाताखाली आहेत? त्यांनी एखाद्या बाईंचे नाव सांगितले, तर त्या बाईंना या आठवड्याचे किती तास मोकळे दिले आहेत तेही विचारा. नाव सांगता आले नाही, तर पुढच्या पालकसभेत पुन्हा विचारा, आणि शेजारच्या चार पालकांनाही घेऊन जा.